एकावर एक ठेवलेल्या सकाळी

सुनंदा फर्डे यांना टेबलाचे कोपरे सहन होत नसत.

मुरबाडच्या एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये मी कामावर रुजू व्हायला गेलो, त्या सकाळी त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि सायकलची जुनी ट्यूब कापून टेबलाच्या कोपऱ्याला सुतळीने आवळत होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, अंगाने किरकोळ, केसांना रबरबँड, साधा सुती ड्रेस, चष्म्याला पांढरी नाडी. प्रकल्पाच्या प्रमुख त्याच, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, मशीनला हादरे बसू नयेत म्हणून ही काहीतरी युक्ती असणार. तसं विचारलं, तर दातांनी सुतळीची गाठ ओढत म्हणाल्या, "हादऱ्यांसाठी नाही हो. कुणाचं डोकं आपटू नये म्हणून."

कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्याच आठवड्यात ते मला आपोआप कळलं.

आम्ही माणसाच्या मेंदूचं चित्र काढणारं एक लहान एमआरआय मशीन तयार करत होतो. मोठ्या दवाखान्यातलं एमआरआय सगळ्यांनी निदान फोटोत तरी पाहिलेलं असतं. पांढरा बोगदा आणि त्यात आत सरकणारा माणूस. ते बसवायला खास खोली लागते, ते थंड ठेवायला वेगळी यंत्रणा लागते, आणि धसईच्या पलीकडच्या माणसाला तिथवर पोचायला आधी जीप, मग एसटी, मग कल्याणात अख्खा दिवस काढावा लागतो. आमचं मशीन फक्त डोक्यापुरतं होतं. वर आणि खाली चुंबकाच्या दोन जाड चकत्या, मधे डोकं मावेल एवढी जागा आणि बाजू मोकळ्या. झोपलेल्या माणसाला बाहेरचं सगळं दिसायचं. कुणी शेजारी बसलं तर त्याचा हात धरता यायचा.

या मोकळ्या बाजूंवर मॅडम अडून बसल्या होत्या. बाजू बंद केल्या असत्या तर चुंबकाची ताकद वाढली असती, चित्र लवकर साफ आलं असतं. प्रत्येक बैठकीत कुणीतरी हे सुचवायचं आणि मॅडमचं उत्तर ठरलेलं असायचं. "ज्याला भीती वाटते तो आतच गेला नाही, तर साफ चित्र कुणाचं काढणार?"

शाळेतली मुलं मशीन बघायला यायची, तेव्हा त्या खुर्चीवर बसायच्या नाहीत, मुलांसमोर उकिडव्या बसायच्या. म्हणायच्या, "आपल्या डोक्यात पाणीच पाणी आहे. चुंबकात डोकं ठेवलं की त्या पाण्याचे कण शिस्तीत उभे राहतात. मग त्यांना हळूच धक्का द्यायचा. परत जागेवर येताना ते बारीक आवाजात काहीतरी सांगतात. ते ऐकायचं आणि त्यावरून चित्र काढायचं. मोठं चुंबक असलं की ते मोठ्याने बोलतात. आमचं लहान, म्हणून ते कुजबुजतात. म्हणून आम्हाला गप्प राहावं लागतं."

आणि हे गप्प राहणं म्हणजे काय, ते आमचं आम्हाला माहीत. मशीन तांब्याच्या जाळीच्या खोलीत होतं. बाहेरची कुठलीही विजेची खुडबूड आत जाऊ नये म्हणून ती जाळी. मोबाइल बंद, ट्यूबलाइट बंद, पंखा बंद. लोखंडाचा कण अंगावर चालत नसे. दाराबाहेर स्टीलचा एक डबा असे, त्यात सगळ्यांनी किल्ल्या, पिना, नाणी टाकायची. एकदा पैसे देणाऱ्या संस्थेकडून एक मोठे साहेब पाहणीला आले. मॅडमनी त्यांना पट्टा काढायला लावला. साहेब एका हाताने पँट धरून मशीनभोवती फिरले आणि नुसती मान डोलावत राहिले. ते गेल्यावर आम्ही हसत सुटलो. मॅडम मात्र काळजीत. "त्यांनी प्रश्न एकही विचारला नाही हो. सगळं लक्ष पँटकडे."

शेजारच्या शेडमध्ये लोखंडी गेट बनवायचे. तिथे वेल्डिंग सुरू झालं की आमच्या चाचणीच्या चित्रांवर पांढऱ्या रेघा उमटायच्या. मॅडम भांडल्या नाहीत. जाऊन त्या माणसाच्या धंद्याची वेळ विचारून आल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "तो दुकान उघडायच्या आत आपण काम संपवायचं." तेव्हापासून आमचं स्कॅनिंग भल्या सकाळी होऊ लागलं. आणि भल्या सकाळी किन्हवलीहून पहिल्या एसटीने बाळू येऊ लागला.

बाळू त्यांचा धाकटा भाऊ. पस्तिशीचा, दणकट, हसरा. घरची भातशेती तोच बघायचा. लहानपणापासून त्याला आकडी यायची. औषधं वर्षानुवर्षं चालू होती, त्यांनी आकडी कमी झाली होती पण गेली नव्हती. त्यामुळे लग्न झालं नाही, गाडी चालवायला मिळाली नाही, चुलीजवळ बसायला मिळालं नाही. उजव्या हाताला एकदा चुलीतच भाजल्याची खूण होती. हे सगळं तो आल्या आल्या स्वतःच सांगून टाकायचा. पहिल्या भेटीत मला म्हणाला, "माजी वळख ठेवा हां साहेब. मी पडलो तर घाबरू नका. ताईला हाक मारा नि बाजूला व्हा."

त्याच आठवड्यात तो पडला. माझ्याशी भाताच्या वाणांबद्दल बोलता बोलता मधेच थांबला. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलू लागले, एक हात शर्टाच्या बटणाशी चाळा करू लागला. मला काही समजायच्या आत मॅडम खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून येऊन पोचल्या होत्या. त्याला खाली घेतलं, कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा हात ठेवला. आमचा वॉचमन चप्पल घेऊन धावत आला, नाकाला लावायला. मॅडम वर न बघता म्हणाल्या, "ती पायात घाला काका, आणि खिडकी उघडा." मग त्या नुसत्या बसून राहिल्या. त्याच्या कानाशी वाकून सारखं तेच म्हणत होत्या, "हाय रे मी. हितंच हाय."

आमच्याशी पुस्तकी मराठी बोलणाऱ्या मॅडम त्याच्याशी बोलताना किन्हवलीच्या होऊन जात.

शुद्धीवर आल्यावर बाळूने ट्यूब बांधलेला टेबलाचा कोपरा चाचपला आणि मला म्हणाला, "बगितलात? माज्यासाठी समद्या दुनियेचे कोपरे मऊ करनार ही."

बाळूला कल्याणला एकदा मोठ्या एमआरआयमध्ये घातलं होतं. आत सरकवल्यावर तो घाबरून उठायला गेला, कपाळ वर आपटलं, चित्र सगळं हललेलं आलं. पुन्हा त्या बोगद्यात जायला तो कधीच तयार झाला नाही. "जित्याला गाडतात तिथं," म्हणायचा. मॅडम तेव्हा मुंबईत मोठ्या मशीनच्याच कामावर होत्या. ती नोकरी सोडून त्या मुरबाडला का आल्या, हे त्यांनी कधी भाषण करून सांगितलं नाही. मोकळ्या बाजूंचा हट्ट बघितला की कळायचं.

तर आमच्या मशीनमध्ये झोपलेलं पहिलं डोकं बाळूचं. सगळ्या परवानग्या, सह्या रीतसर झाल्या. सिग्नल पकडणारी तांब्याच्या तारेची टोपी मी आणि मॅडमनी त्याच्याच डोक्याच्या मापाने विणली. तो तिला टोपडं म्हणायचा आणि जाळीच्या खोलीला खुराडं. "चला ताई, घाला कोंबडा खुराड्यात." मशीन चालू झालं की ठकठक आवाज होई. तो म्हणे, कुणीतरी भात झोडपतंय.

पहिलं चित्र पडद्यावर आलं तेव्हा आम्ही सगळे पडद्याभोवती उभे होतो. काळपट, गोल, कडा झिजलेल्या. बाळू टोपडं घालूनच बाहेर आला, बघितलं आणि म्हणाला, "ताई, ही तर करपलेली भाकर!" मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मी त्यांना तसं हसताना फार वेळा पाहिलेलं नाही.

मग रोजच्या सकाळी. काहीतरी बदलायचं, बाळूला झोपवायचं, चित्र बघायचं. मी तारा बदलायचो, मॅडम गणित बदलायच्या. भाकरीची हळूहळू खापरी झाली, खापरीचा कोबी झाला. ही नावं सगळी बाळूची. कोबी आला त्या दिवशी त्याने सगळ्यांना वडापाव आणला.

"हललं की गेलं," हा मॅडमचा जप होता. डोकं केसभर हललं तरी चित्र पुसट व्हायचं. आणि बाळूला गप्प राहायचं म्हणजे शिक्षा. म्हणून मॅडम शेजारी स्टूल घेऊन बसायच्या, त्याचा हात हातात धरायच्या आणि गावच्या बातम्या सांगत राहायच्या, म्हणजे त्याने फक्त ऐकावं. एकदा त्यांनी कुणाच्या तरी हळदीत मामांच्या धोतराची गाठ कशी सुटली ते सांगितलं. बाळू हसायला लागला तो थांबेचना. अख्खा स्कॅन हसण्यात गेला. मी म्हटलं, "हा पुसून टाकू का मॅडम?"

"पुसायचं काही नाही. वाईट असलं तरी ठेवा. आज ऐकू आलं नाही म्हणून त्यात काही नाहीच, असं नसतं."

असं जवळजवळ दीड वर्ष चाललं.

भाताच्या लावणीचे दिवस होते. रात्री कुठेतरी तारांवर झाड पडलं आणि सकाळी एमआयडीसीत वीज नव्हती. मॅडमनी बाळूला फोन केला, मी शेजारीच होतो. "लाइट नाय रे. आज नको येऊ. आईसंगं शेतावर जा." तिकडून तो काहीतरी म्हणाला, त्यावर त्या हसून "बरं बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुपारी किन्हवलीहून फोन आला. बाळू चिखलाचे पाय धुवायला ओहोळावर गेला होता. पोटरीभर पाणी. तिथे त्याला आकडी आली. तो पालथा पडला. त्याची आई एका बांधापलीकडे रोपं लावत होती. लेक परत का आला नाही म्हणून तिने मान वर केली, तोवर सगळं संपलं होतं.

सकाळच्या त्या फोनबद्दल मॅडम पुढे एकदाही बोलल्या नाहीत. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही.

भेटायला गेलो तेव्हा त्यांची आई ओट्यावर बसली होती. येणाऱ्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला ती एकच गोष्ट विचारत होती. मलाही विचारली. "तुमी ताईच्या हापिसातले ना? मला सांगा बाबा. बाळ्या दीड वरसाचा व्हता. ताप चडला, आकडी आली ती सुटेचना. मी म्हनला, डागतरकडं नेऊ. सासू म्हनली, उतरल, थांब. मी थांबले. उजाडेपरेंत मांडीवर घेऊन बसले. त्याच्यानं झाला काय हा समदा?"

आतून मॅडम आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. "नाय गो आई. किती येळा सांगितला तुला? तापाचा काय नाय." हे त्या आईला लहानपणापासून सांगत आल्या असाव्यात. आवाजात थकवा नव्हता, पाठांतर होतं.

मॅडम कामावर परत आल्या त्या पहिल्यासारख्याच, फक्त बोलणं कमी. मशीनला डोकी तर हवी होती. शिक्षक आले, एसटीचे ड्रायव्हर आले, मीही झोपलो. धसईच्या बाजाराला भाजी विकायला येणारी एक बाई आली. ती टोपी तिच्या डोक्यावर सैल पडली. "माजं डोस्कं लहान हाय काय बाय?" तिने विचारलं. मॅडम म्हणाल्या, "नाही मावशी, टोपी मोठी आहे." मग त्यांनी फडक्याच्या घड्या करून चारी बाजूंनी खोचल्या, मला खूण करून मशीन सुरू करायला सांगितलं आणि शेडच्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. स्कॅन संपेपर्यंत आत आल्या नाहीत.

नवी टोपी करू या, असं मी त्याच दिवशी ठरवलं. त्यांनी नको म्हटलं नाही. जुनी त्यांनी कपाटात ठेवून दिली.

दुपारी सगळे जेवायला बसले की त्या डबा बाजूला ठेवून संगणकासमोर बसायच्या. बाळूचे सगळे जुने स्कॅन त्यांनी उघडले होते, अगदी करपलेल्या भाकरीपासूनचे. त्यांची कल्पना साधी होती. एकेका सकाळचं चित्र पुसट, कारण कुजबुज बारीक आणि गोंगाट फार. पण गोंगाट रोज वेगळा असतो आणि कुजबुज रोज तीच, कारण डोकं तेच. मग सगळ्या सकाळी एकावर एक ठेवल्या तर? गोंगाट आपसात मिटत जाईल आणि कुजबुज साचत जाईल. अडचण एकच होती. बाळू रोज थोडा वेगळा झोपला होता आणि रोज हलला होता. एकावर एक ठेवायच्या आधी प्रत्येक सकाळची हालचाल शोधून, मोजून, उलटी फिरवून काढायला लागणार होती.

मी एकदा चहा द्यायला गेलो, तर त्या पडद्यावरच्या एका थरथरत्या रेघेवर बोट ठेवून बसल्या होत्या.

"हे बघा देसले, इथे तो खोकला. आणि हे इथे, हे मान डोलावणं. 'हं, हं' म्हणतोय." बोट पुढे सरकलं. "हा तो मामांच्या धोतराचा दिवस. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हसतोय."

मी म्हटलं, "हा दिवस सोडून द्या मॅडम. बाकीचे पुष्कळ आहेत."

"नाही. हाही लागेल." त्या थोडा वेळ त्या रेघेकडे बघत राहिल्या. "पण त्याचं हसू काढून टाकल्याशिवाय चित्र नीट येत नाही."

आणि त्यांनी ते काढलं. त्याचा खोकला, त्याचं हुंकार देणं, त्याचं हसणं, सगळं एकेक करून मोजलं आणि काढलं. हिवाळा सगळा त्यात गेला. दर काही दिवसांनी बाळू थोडा अधिक स्वच्छ दिसू लागायचा. कोबीला घड्या आल्या, घड्यांना कडा आल्या. जिवंतपणी त्याचं जे चित्र आम्हाला कधी मिळालं नव्हतं, ते त्याच्यामागे तयार होत होतं. ते बघून आनंद व्हायचा आणि त्या आनंदाची लाज वाटायची.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. पडद्यावर मेंदूचा आडवा छेद होता.

"देसले, तुम्हाला दोन्ही बाजू सारख्या दिसतात का?"

कुठे बघायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मी डॉक्टर नाही. पण दीड वर्ष मी तेच डोकं बघत आलो होतो. कानाच्या आतल्या अंगाला, दोन्हीकडे, एक वळलेली लहानशी घडी असते. एका बाजूची भरलेली होती. दुसऱ्या बाजूची सुकलेली, आक्रसलेली. मी बोट ठेवलं.

"हं," त्या म्हणाल्या. "मलाही तेच दिसतं."

त्यांच्या ओळखीचे मेंदूचे एक डॉक्टर कल्याणला होते. ते रविवारी मुद्दाम शेडवर आले. वयस्कर, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी चित्र पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"या मशीनवर? इतकं स्पष्ट?"

"एका स्कॅनमध्ये नाही दिसत. सगळे मिळवून."

"हीच जागा असणार, बाई. आकडी इथूनच निघत असणार. या प्रकारात औषधं पुष्कळदा पुरी पडत नाहीत. मग ऑपरेशनचा विचार करतात. तो भाग काढतात. बऱ्याच जणांची आकडी थांबते." ते थांबले. "सगळ्यांची नाही."

"हे कशाने होतं?"

मला वाटतं, त्यांना उत्तर माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. पण पुष्कळ वेळा लहानपणची गोष्ट निघते. ताप येतो, तापात लांबलेली आकडी. अर्धा तास, तास. तेव्हा त्या भागाला इजा होते आणि मग वर्षांनी... तुमच्या भावाला असं काही झालं होतं का?"

मॅडम टेबलावरची एक वायर गुंडाळत होत्या. ती पूर्ण गुंडाळून झाली. "हो," त्या म्हणाल्या.

डॉक्टर गेल्यावर त्यांनी गुंडाळलेली वायर खणात ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी रोज सकाळी त्याच्याच डोक्याकडे बघत होते, देसले. रेघा किती कमी झाल्या ते बघत होते. काठ किती साफ आला ते बघत होते. मशीन कसं आहे ते बघत होते."

"तेव्हा दिसण्यासारखं नव्हतंच मॅडम."

"नव्हतं," त्यांनी मान्य केलं. "पण सगळं तिथेच होतं. एकावर एक ठेवायचं मला आधी सुचलं नाही. वेळ आहे असं वाटत होतं."

त्या वेळी मी त्यांना रडताना पाहिलं. आवाज नाही, काही नाही. चष्मा काढून मांडीवर ठेवला होता आणि नुसत्या बसल्या होत्या.

पुढे त्याच पद्धतीने मशीन उभं राहिलं. एकाच माणसाला थोडं थोडं करून अनेकदा झोपवायचं, तो हलला तर हलू द्यायचं, हालचाल नंतर गणिताने काढायची. मुरबाडच्या पलीकडच्या वाडीतून एक पाच-सहा वर्षांची मुलगी आली, आकडीचीच. ती आईच्या हातात हात देऊन झोपली, मधेच गाणं म्हणाली, मधेच पाय झाडले. तिच्यातही तीच जागा सापडली आणि तिला पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिचं ऑपरेशन झालं, ती शाळेत जाते आहे, असं कळलं तेव्हा शेडमध्ये पेढे वाटले. मॅडमनी पेढा घेतला, हातात धरला आणि बऱ्याच वेळाने खाल्ला.

मग मशीन दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात न्यायचं ठरलं. मॅडम त्याच्याबरोबर जाणार होत्या. मी इथेच राहणार होतो, माझं घर शहापूरला. आजही अधूनमधून त्यांचा फोन येतो, अँप्लिफायरच्या आवाजाबद्दल, तारेच्या जाडीबद्दल. कामाचंच बोलतात. पण समोरासमोर त्यांना मी शेवटचं पाहिलं ते किन्हवलीला, त्या निघण्याच्या आदल्या दिवशी.

आईचा निरोप घ्यायला त्या निघाल्या होत्या, मला म्हणाल्या, "चला येता का? आई तुमची आठवण काढते." मी गेलो. आई ओट्यावर परात घेऊन वाल सोलत बसली होती. आमच्यासाठी बिरडं करायचं होतं. मॅडमनी तिला नव्या गावाबद्दल, खोलीबद्दल सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग हातातलं काम न थांबवता म्हणाली,

"गावातली पोरा बोलत व्हती. बाळ्याच्या डोक्याचा फोटू लय चांगला निगाला म्हनं."

"हा आई."

"मंग? काय दिसला त्याच्यात? त्या तापाचा काय दिसला काय गो?"

मी मॅडमकडे बघितलं नाही. मला धीर झाला नाही. आमच्या शेडमध्ये कुणी 'साधारण' असा शब्द वापरला तरी या बाई चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, साधारण म्हणजे किती. आकड्यातलं शेवटचं घरसुद्धा त्यांनी कधी कुणाला गाळू दिलं नाही.

"नाय आई," त्या म्हणाल्या. "समदा साफ व्हता. तापाचा काय एक नाय. डागतरनीपन बगितला. ते म्हनले, जन्मापासूनच असल कायतरी. कोनाच्या हातात नव्हता."

आई मान खाली घालून सोलत राहिली. "बगितला ना नीट?"

"मीच बगितला."

"बरा."

मॅडम उठल्या. "हात धुऊन येते," म्हणाल्या आणि मागच्या दाराने मोरीकडे गेल्या. पाण्याचा आवाज यायला लागला. तो बराच वेळ येत राहिला, हात धुवायला लागतो त्याहून कितीतरी जास्त.

आईने एक दाणा सोलला, परातीत टाकला. मग माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांत राग नव्हता, पाणीसुद्धा नव्हतं.

"खोटा बोलली," ती हळूच म्हणाली.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"तुमी नका काय बोलू. मी आय हाय तिची." तिने पदराने हात पुसले. "लय लांबून आनला तिनं हा खोटा माज्यासाठी. तिला कळू द्यायचा नाय."

मॅडम आत आल्या. चेहरा धुतलेला, केस कपाळाला चिकटलेले, डोळे लाल. आईने वर बघितलं आणि परात थोडी सरकवली.

"ये, बस हितं. बरा झाला गो सांगितलास. माज्या जिवाला घोर व्हता तो गेला."

मॅडम तिच्या शेजारी बसल्या. काही वेळ त्यांचे हात नुसतेच मांडीवर होते. मग त्यांनी वालांचा अर्धा ढीग आपल्याकडे ओढला आणि सोलायला लागल्या.

"नखानं नको," आई म्हणाली. "दाबून काड. तुटतो दाना."

"हा आई."

मला शहापूरची गाडी गाठायची होती. मी येतो म्हटलं, तर दोघींनी एकदमच जेवून जा म्हटलं आणि मान वर न करता सोलत राहिल्या.